दमानं म्हणजे किती

माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना तिनं कोपरगावच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या एका गाडीची पाटी वाचली. तोपर्यंत तिला कुणी अक्षरं शिकवली नव्हती. "पप्पा, मनमाड, येवला मार्गे," एवढं म्हणून ती पुन्हा हातातली बोरं खायला लागली. दुसरा कुठलाही बाप असता तर त्यानं तिला खांद्यावर घेतलं असतं आणि स्टँडवरच्या चार लोकांना मोठ्यानं ऐकवलं असतं. मी खाली वाकलो आणि तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

ताप नव्हता. घाम मलाच फुटला होता. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती आनंदानं देवापुढं साखर ठेवायला उठली.

"अगं, साखर काय ठेवतेस," मी म्हणालो, "हे लक्षण बरं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती, त्यामुळे नवरा जरा विचित्र आहे याचा धक्का तिला बसला नाही. फक्त किती, याचा अंदाज ती नव्यानं घेत असावी.

लक्षण बरं का नव्हतं, ते सांगायचं तर आधी माझ्या काकांबद्दल सांगायला हवं. ते पुणतांब्याला आमच्या जुन्या घरी असतात. आमच्या घराण्यात शेती सोडून कुणी फारसं काही केलं नव्हतं, आणि त्यात हे काका निघाले. शाळेत असताना मास्तरांच्या हातून फळ्यावरचं गणित सुटलं नाही की मास्तर त्यांना उठवायचे. ते पुण्याला इंजिनीअर व्हायला गेले, तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांनी आपलाच मुलगा चाललाय अशा थाटात एसटीला हात केले. दुसऱ्या वर्षी दिवाळीला ते घरी आले आणि परत गेलेच नाहीत. दिवसभर गोदावरीच्या घाटावर बसायचे. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा, एकेका पेरावर, पुन्हा पुन्हा. हाक मारली तर ती ऐकू जायची, हे मानेवरून कळायचं. पण उत्तर द्यायला ते तिथं नसायचे.

मी तेव्हा चौथीत होतो. घरातली मोठी माणसं एकमेकांना हळू आवाजात सांगायची, "डोकं तापलं." फार पळवलं, म्हणून तापलं. पंपाची मोटर जळावी तसं. त्या दिवसापासून आमच्या घरात एक अलिखित कायदा झाला, की पोराला पळवायचं नाही. माझ्या बाबतीत या कायद्याची गरज पडली नाही. मी दहावीला गणितात पस्तीस मार्क काढून सगळ्या घराला निर्धास्त केलं.

पुढं मी साखर कारखान्यात पॅनवर लागलो. पॅन म्हणजे उसाचा दाट झालेला रस आटवून त्यातून साखरेचा दाणा वाढवायचं दोन माणसं उंचीचं बंद भांडं. या कामात एकच गोष्ट शिकायची असते. घाई करायची नाही. दाणा त्याच्या चालीनं वाढू द्यायचा. घाई केली की मधेच खोटा दाणा पडतो, पिठासारखा बारीक, आणि सगळा माल बिघडतो. आता घरात काकांचं उदाहरण आणि पोटापाण्याला हे काम, असं दोन्ही बाजूंनी शिक्षण झालेला माणूस आपल्या मुलीला काय सांगणार? मी तिला "दमानं" म्हणायला लागलो.

आमच्याकडे हा शब्द दिवसातून शंभरदा तोंडात येतो. गाडी वळवताना दमानं, कढईतलं तेल ओतताना दमानं, म्हाताऱ्याला पायरी उतरवताना दमानं. सावकाश, सांभाळून, जिवाला जपून, असं सगळं त्यात येतं. पहिलीत बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी पुस्तक संपवून बसते हो." मी घरी येऊन तिला सांगितलं, "दमानं घे." दुसरीत तिनं तिसरीच्या मुलाचा गृहपाठ केला. मी सांगितलं, "दमानं." रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी गाडीवरून उतरवताना इतर बाप "नीट अभ्यास कर" म्हणायचे, मी "दमानं" म्हणायचो. ती मान हलवायची. गुणी पोर आहे, सांगितलं की ऐकते, याचं मला समाधान वाटायचं. ती किती ऐकते हे मला माहीत नव्हतं.

तिसरीपासून तक्रारी बदलल्या. लक्ष देत नाही. पेपर पूर्ण करत नाही. चौथीत तिला कच्च्या मुलांच्या जादा तासाला घातलं. बायको काळजीत पडली. मला मात्र, लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. चारचौघींसारखी झाली म्हणजे वाचली, असं मला वाटलं. त्या वर्षी मी शांत झोपलो.

पाचवीची सहामाही झाली आणि तिच्या वर्गाच्या मॅडमनी, जादा तासही त्याच घ्यायच्या, मला शाळेत बोलावलं. कारखान्याचा सीझन नुकताच सुरू झाला होता, मी रात्रपाळी करून तसाच गेलो. मॅडमनी टेबलावर दोन पेपर शेजारी शेजारी ठेवले.

"हा तुमच्या मुलीचा. हा तिच्या बाकावरच्या मुलीचा. दोघी सातव्या प्रश्नाला थांबल्यात."

"कॉपी करते का?"

"कॉपी केली असती तर चुकांचीही केली असती ना. शेजारणीचे तीन चूक आहेत. हिचे सातही बरोबर." त्यांनी चष्मा काढला. "मलाही आधी तेच वाटलं. म्हणून चाचणीला हिची जागा बदलली. शेजारी दुसरी मुलगी बसवली, जरा चटपटीत. ती दहाव्या प्रश्नापर्यंत गेली. तुमचीही बरोबर दहाव्यापर्यंत. अकरावा हात नाही लावला. माझी एकवीस वर्षं नोकरी झाली, असं काही मी बघितलं नाही."

मी दोन्ही पेपर उलटसुलट करून बघितले. पस्तीस मार्कवाल्याच्या आवाक्यातलं ते प्रकरणच नव्हतं.

"आणि अजून एक," मॅडम म्हणाल्या. "वर्गात खिडकीतून बाहेर बघत बसते. हाक मारली की पटकन वळत नाही. आणि बोटं मोजत असते."

"कशी?"

"अशी." त्यांनी अंगठा पेरांवरून फिरवून दाखवला.

"कुठल्या हाताची?"

"अहो, कुठल्या हाताची म्हणजे काय?" मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. "उजव्या."

माझे पाय गार पडले. हे नुसतं म्हणायला म्हणत नाही. बुटात मोजे असूनसुद्धा पाय गार पडल्याचं मला कळलं. मॅडम पुढं काहीतरी सांगत होत्या. मला समोर घाट दिसत होता, आणि त्यावर बसलेल्या माणसाचं तोंड दिसत नव्हतं, कारण ते पाठमोरं होतं.

बायकोला मी चार दिवस काही सांगितलं नाही. "मॅडम काय म्हणाल्या?" "काही नाही, अक्षर सुधारा म्हणाल्या." त्या चार दिवसांत मी मुलीच्या उजव्या हातावर नजर ठेवून होतो. टीव्ही बघताना हात मोकळा दिसला की मी उठून त्यात काहीतरी द्यायचो. मटार सोलायला, दोरा गुंडाळायला, रिमोट धरायला. एकदा तर काहीच सापडलं नाही म्हणून बटाटा दिला. ती बटाटा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"याचं काय करू?"

"धर नुसता."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तो मला भाजीला हवाय."

अशानं निभणार नव्हतं. पाचव्या दिवशी सुट्टी टाकली आणि पुणतांब्याला गेलो. कशाला गेलो, तर काकांचा हात बघायला. मुलीचा अंगठा तसाच फिरतो का, हे मला ताडून पाहायचं होतं, आणि त्यावरून काय ठरणार होतं ते देव जाणे. काका आता घाटावर बसत नाहीत. गेली कित्येक वर्षं औषधं व्यवस्थित चालू आहेत. अंगणातल्या झाडांना पाणी घालतात, दोन वेळा जेवतात, कमी बोलतात. मी गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते आणि अंगठा पेरांवरून फिरत होता. मी समोर बसून टक लावून बघायला लागलो. मशीनचं तेल गळतंय का बघावं तसा.

"काय बघतो रं?" काका म्हणाले.

आता लपवून काय उपयोग. मी विचारलं, "काका, बोटांवर काय मोजता?"

"गोळ्या."

"गोळ्या?"

"सकाळची घेतली का न्हाई त्ये इसरतंय. म्हनून येकदा मोजून घेतो. सकाळची दोन, दुपारची येक." त्यांनी तीन पेरं दाखवली आणि हात मांडीवर ठेवला. एवढ्याशा गोष्टीचं मी भूत करून आणलं होतं. पण मला लगेच सुटल्यासारखं वाटेना.

"आन् गोळ्या नव्हत्या तवा? घाटावर बसायचा तवा काय मोजायचा?"

काका बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं, गेले. पण ते आठवत होते.

"लई काय काय मोजायचो. आता न्हाई ध्यानात." मग म्हणाले, "इचारलं बी न्हाई कुनी. भगताला इचारलं, डागदरला इचारलं, कुलकर्न्याला पत्रिका दावली. मला कुनी न्हाई इचारलं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. चहा झाला आणि मी निघालो. येताना मोटारसायकलवर उसाच्या ट्रॅक्टरमागून रांगत येत होतो आणि एकच गोष्ट डोक्यात होती. मीही आत्तापर्यंत मॅडमना विचारलं होतं, काकांना विचारलं होतं. जिचा हात, तिला सोडून.

घरी मुलगी पायरीवर बसून शेंगा फोडत होती. मी शेजारी बसलो. चार शेंगा फोडल्या. मग जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, "शाळेत बोटांवर काय मोजतेस गं?"

"थांबते तेवढं मोजते."

"कशासाठी थांबतेस?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की यांना हे कसं माहीत नाही. "तुम्हीच सांगितलंय ना. दमानं."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पण दमानं म्हणजे किती ते तुम्ही नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी पहिलीत विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, सगळ्यांबरोबर. मग सगळ्यांबरोबर म्हणजे शेजारच्या बाकावर. मी गणित केलं की मोजत बसते. एका हाताची बारा पेरं. तिनं पुढचा प्रश्न सुरू केला की मी सुरू करते. आणि मॅडमनी विचारलं की चार हात वर होऊ द्यायचे. पाचवा माझा. पण तोपर्यंत मॅडम कुणाला तरी उठवतात."

मी तिला तसं म्हणालो होतो का? म्हणालो असेन. मला आठवत नाही. तिनं मात्र ते चार वर्षं इमानानं पाळलं होतं. एवढा हिशोबी आज्ञाधारकपणा मी आमच्या कारखान्यात एकाही माणसाकडून पाहिला नाही.

"कंटाळा नाही येत?"

"येतो. म्हणून तर मोजते."

"आणि मोजायचा कंटाळा आला की?"

"उलटं मोजते."

"आणि त्याचाही आला की?"

तिनं शेंग दातानं फोडली. "मग मी नसतेच."

"नसते म्हणजे?"

"वर्गात असते. पण नसते. मॅडम हाक मारतात ते लांबून ऐकू येतं. मग यावं लागतं."

बाहेर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा आवाज चालू होता. मी पायरीवर हात टेकून बसलो होतो. आत्तापर्यंत माझी भीती एकाच बाजूला तोंड करून उभी होती, की फार पळाली तर डोकं तापेल. पोरीला थोपवून धरता धरता मीच तिला तिथं नेऊन सोडलं होतं, जिथून हाक लांबून ऐकू येते. आणि याला आजार म्हणायचं की आणखी काही, हे मला कळत नव्हतं.

त्या दिवशी बायकोला सगळं सांगितलं. सहामाहीचे दोन पेपर, अंगठा, काका, बटाटा. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही घाबरता ते मला पहिल्यापासून माहीत आहे. मला वाटायचं, घरात एक जण घाबरतोय, मी कशाला घाबरू. इथंच माझं चुकलं. आता तिला दाखवून येऊ. आणि तुम्हाला पण."

आम्ही नगरला गेलो. जिल्ह्याचं नाव बदललंय, पण एसटीच्या कंडक्टरला अजून "नगर तीन" एवढंच तोंडातून निघतं. तिथल्या मनोविकाराच्या डॉक्टर बाईंनी मुलीला अर्धा तास एकटीला आत घेतलं. बाहेरच्या बाकावर मी पंख्याची पाती मोजत बसलो, आणि आपण मोजतोय हे लक्षात आल्यावर मोजायचं थांबवलं. आतून एकदा हसण्याचा आवाज आला. कुणाचा ते कळलं नाही.

मग आम्हा दोघांना बोलावलं.

"तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी काकांचं सांगितलं. पुण्याला गेले, डोकं तापलं, ते सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या काकांचा आजार गणितामुळे आला नाही. ज्यांना पाढे येत नाहीत त्यांनाही हा आजार होतो. ते गणित करत होते आणि त्याच वयात आजार आला, म्हणून तुम्ही दोन्ही एकत्र बांधलं."

"म्हणजे हिला होणार नाही?"

मला त्यांच्याकडून एकच शब्द हवा होता. तो त्यांनी दिला नाही. "असं मी कुणाच्याच मुलाबद्दल लिहून देऊ शकत नाही. घरात आजार आहे तर जागरूक राहायचं. झोप, जेवण, बोलणंचालणं. यातलं काही बिघडतंय असं वाटलं तर लगेच या. पण पहारा गणितावर ठेवू नका. गणित थांबवून काही थांबत नाही."

"मग आज काय झालंय तिला?" बायकोनं विचारलं.

"कंटाळा. पण एक-दोन दिवसांचा नाही, चार वर्षांचा साचलेला. मन रमायला काही नसलं की मुलं अशी आतल्या आत निघून जातात. तिच्या बाबतीत आज तरी मला यापलीकडे काही दिसत नाही."

"औषध?"

"तिला येत नाही असं काहीतरी द्या," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तुम्ही तिला काय सांगून ठेवलंय, ते तुम्हीच काढून घ्या. ते माझ्या चिठ्ठीनं होणार नाही."

हे काढून घेणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. परतीच्या एसटीत, राहुरी मागं पडल्यावर, मी मुलीला म्हणालो, "हे बघ, ते दमानंचं आता सोड."

"मग काय करू?"

"तुला जेवढं जमेल तेवढं कर."

"म्हणजे किती?"

मी बायकोकडे बघितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही. "शेजारच्या बाकाकडे बघायचं नाही," मी म्हणालो. "थांबायचं नाही. पेपर संपला की संपला. हात पहिला वर आला तर येऊ दे. मी सांगितलं होतं ते चुकलं होतं."

"तुमचं चुकलं होतं?"

"हो."

"चार वर्षं?"

"हो."

तिच्या जागी मी असतो तर भांडलो असतो. कोपरगाव येईपर्यंत तिनं एक शब्द काढला नाही, आणि त्या दोन तासांत डॉक्टरांचं "बोलणंचालणं" माझ्या डोक्यात घण घालत राहिलं. उतरताना ती म्हणाली, "चौथीतला जादा तास सगळा फुकट गेला मग." एवढंच. पण बोलली.

मॅडमना सांगायला गेलो तेव्हा वाटलं होतं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. "दीड वर्षं मी तिला कच्च्या मुलांत बसवून बेरजा करून घेतल्या," त्या म्हणाल्या. "आणि ती करत राहिली. एकदाही म्हणाली नाही की हे मला येतं." त्यांनी रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसला. मग कामाला लागल्या. सातवीचं गणित त्याच शिकवायच्या. तो तास आणि पाचवीचा मराठीचा तास एकाच वेळी असायचा. मराठीचा तास बदलून घेतला आणि मुलीला गणितापुरतं सातवीत बसवायचं ठरलं. मुख्याध्यापक सावध माणूस. त्यांनी सही लागेल म्हणून सांगितलं, आणि स्वतःच्या हातानं कागद लिहून माझ्यापुढं सरकवला. शेवटचं वाक्य होतं, यामुळे विद्यार्थिनीला काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.

त्यांच्या दृष्टीनं ते नेहमीचं वाक्य होतं. सहलीला जाताना लिहून घेतात तेच. मी मात्र "काही झाल्यास" या दोन शब्दांशी अडकलो. त्या "काही"मध्ये माझे काका सहज मावत होते. पेन हातात धरून मी इतका वेळ बसलो, की मुख्याध्यापकांना वाटलं मला वाचता येत नाही. "वाचून दाखवू का?" ते सौजन्यानं म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "सर, त्यांना वेळ द्या." मी सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं, की ती सही बँकेत चालली नसती.

पहिले दोन आठवडे काही झालं नाही. सातवीतली मुलं तिला "आज्जी" म्हणायची, कारण ती बसायला घरून जाड उशी न्यायची. बाक उंच पडायचा. तिला ते नाव आवडलं होतं, असं बायकोचं म्हणणं. पाचवीच्या वर्गात आता तिचा हात पहिला वर यायचा आणि मॅडमना तिला "थांब गं, बाकीच्यांना सांगू दे" म्हणावं लागायचं. हे ऐकून मी दचकलो. पण मॅडमनी तिला सांगून ठेवलं होतं, की थांबायचं ते फक्त बोलायला, डोक्यात थांबायचं नाही.

मग एका शनिवारी शाळा सकाळची होती. ती साडेअकराला घरी आली, दप्तर ठेवलं, आणि बूट न काढता जमिनीवर वही उघडून बसली. बायकोनं हाक मारली. उत्तर नाही. मी मारली. नाही. मी जवळ जाऊन मारली. मान थोडी हलली, म्हणजे ऐकू गेलं होतं. ओठ हलत होते. डोळे वहीवर होते, पण वहीतलं अक्षर बघत नव्हते, कुठंतरी पलीकडे लागले होते.

चार वर्षं जे घडू नये म्हणून मी धडपडलो होतो, ते माझ्या घरात फरशीवर मांडी घालून बसलं होतं. माझ्या तोंडात एक शब्द आला होता, तो मी दातांमागं धरून ठेवला. तिला हलवू? डॉक्टरांना फोन लावू? फोन हातात घेतला. बायकोनं तो काढून फ्रीजवर ठेवला.

"जेवायला बसा," ती म्हणाली.

"अगं, तिच्याकडे बघ."

"बघतेय मी."

तेवढ्यात मुलीनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याला काय म्हणायचं हे मला कळेना. गाल लाल झाले होते.

"पप्पा, हे मला येत नाहीये," ती म्हणाली.

"मॅडमना विचारू का फोन करून?"

"नको." वही छातीशी धरून ती मागं सरकली. "त्या सांगतील."

मी कपाळाला हात लावायला गेलो तर तिनं मान बाजूला केली. मग डॉक्टरांनी सांगितलेलं झोप, जेवण, बोलणंचालणं, एवढंच मी धरून राहिलो. "आधी जेव," मी म्हणालो. "जेवताना विचार कर, मी काही म्हणणार नाही. पण जेवायचं." त्यावर तिनं थोडा वेळ घासाघीस केली आणि वही ताटाशेजारी ठेवायच्या अटीवर ती कबूल झाली. घासाघीस करते म्हणजे बोलते, असं मी मनात धरलं.

आम्ही तिघं जेवायला बसलो. तिचा डावा हात वहीवर, नजर वहीवर. उजव्या हातानं तिनं चपातीचा तुकडा मोडला, पाण्याच्या पेल्यात बुडवला आणि तोंडात घातला. चावून गिळला. दुसरा मोडला. मी बायकोकडे बघितलं. माझी भीती जाईल असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. बायकोनं पाण्याचा पेला उचलला आणि त्याच जागी आमटीची वाटी ठेवली. पुढचा तुकडा आमटीत बुडला. मुलीला फरक कळला नाही.